सफारीला जाताना ‘सफारी’ नको!

परीक्षा आटोपल्या आणि उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की आपल्याकडे घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत शेगाव, शिर्डी, माहूर आणि फार तर महाबळेश्वर एवढ्यावर थांबत. अलीकडे त्यात वाघ शिरला आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून जालन्याहून पहाटे निघालेली गाडी जेवणवेळेच्या आत नागपूर गाठते. तेथून ताडोबा, पेंच फार दूर नाही. मेळघाट आणि बुलढाण्याचे ज्ञानगंगा अभयारण्य तर आपल्या त्याहून जवळचे. त्यामुळे “डॉक्टर, ताडोब्याला चाललो आहोत, बरोबर कोणकोणती औषधे ठेवू?” हा प्रश्न या दिवसांत दवाखान्यात वारंवार येतो. त्यावर माझे ठरलेले उत्तर असे असते, की औषधांचे नंतर पाहू; अंगात काय घालणार ते आधी सांगा.

लोक हसतात. डॉक्टरने कपड्यांची चौकशी का करावी, असे त्यांना वाटते. पण मला हा प्रश्न विचारायला शिकवले ते एका आजोबांनी.

हे गृहस्थ निवृत्त शिक्षक. वय सत्तरीच्या अलीकडे, रक्तदाबाची गोळी चालू, बाकी तब्येत ठणठणीत. मुलगा, सून, दोन नातवंडे यांच्यासह मे महिन्यात ताडोब्याला गेले. सुनेने सुती पायजमा-सदरा बॅगेत भरला होता. पण आजोबा म्हणाले, “अगं, सफारीला जायचं आणि सफारी घालायची नाही?” मुलाच्या लग्नात आहेर म्हणून आलेले टेरीकॉटचे कापड शिवून घेतलेला गडद निळा सफारी सूट त्यांनी घातला, वरचे बटण लावले आणि नातवाला शेजारी घेऊन दुपारी तीनच्या फेरीला जिप्सीत बसले. प्रवासात गाडी लागू नये म्हणून सकाळी एक गोळी घेतली होती. जंगलात खाली उतरता येत नाही, मग लघवीची पंचाईत नको, म्हणून दुपारनंतर पाणीही जवळजवळ प्याले नव्हते.

पाचच्या सुमारास ते नातवाला विचारू लागले, “आपला बसस्टँड आला का रे?” आधी सगळ्यांना थट्टाच वाटली. मग सुनेने हात धरून पाहिला तर हात तव्यासारखा. “मामंजी, पाणी घेता का?” तर उत्तर भलतेच. सुदैवाने गाइड जाणता होता. त्याने गाडी लगेच बाहेरच्या वाटेला लावायला सांगितली, सूटची बटणे उघडली, जवळचे सगळे पिण्याचे पाणी आजोबांच्या मानेवर, छातीवर, काखेत ओतले आणि दोघांनी टोपीने वारा घातला. गेटवर पोहोचेपर्यंत ते थोडे शुद्धीवर आले होते. पुढे जवळच्या रुग्णालयात सलाईन लागले. आठ दिवसांनी माझ्याकडे आले ते मूत्रपिंडाच्या तपासणीचे कागद घेऊन. वाचले, आणि आता बरे आहेत. सूट त्यांनी बोहारणीला देऊन टाकला.

घामाचा हिशेब

या प्रकरणात दोष एकट्या सूटचा नव्हता. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवून शरीरातले पाणी कमी करतात. गाडी लागू नये म्हणून घेतात त्या गोळ्यांपैकी बऱ्याच गोळ्यांनी घाम कमी सुटतो, हे तर पुष्कळांना ठाऊकच नसते. त्यात पाणी कमी प्यालेले. म्हणजे घाम तयार करणारा कारखाना तिन्ही बाजूंनी अडलेला, आणि जो काही घाम येत होता त्याला टेरीकॉटने अडवून धरलेले.

घाम आला म्हणजे अंग थंड झाले, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. घामाची वाफ झाली तरच थंडावा मिळतो. एक लीटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम कपड्याच्या आत पाठीवरून ओघळत राहिला तर फायदा जवळजवळ शून्य, आणि पाणी व मीठ मात्र गेलेच. आता कापडाकडे पाहू. सर्वसाधारण हवेत शंभर ग्रॅम सुती कापड सुमारे आठ ग्रॅम ओलावा स्वतःत मुरवून घेते. पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही घेत नाही. टेरीकॉट म्हणजे पॉलिएस्टर आणि सूत यांचे मिश्रण. इस्त्री मोडत नाही, वर्षानुवर्षे टिकते, म्हणून आपल्या मध्यमवर्गाने ते डोक्यावर घेतले. बँकेत, कचेरीत, पंख्याखाली ते ठीक आहे. चंद्रपूरच्या उन्हात नाही. २०१९ च्या मे अखेरीस चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या वर गेला होता, हे लक्षात घ्या. आपल्याकडे बेचाळीस-त्रेचाळीस झाले तरी आपण दुपारी दारे लावून घेतो.

हल्ली खेळाडूंसाठी पातळ, जाळीदार, घाम बाहेर ओढणारे कृत्रिम कापड मिळते. ते वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण ते मुद्दाम तसे विणलेले असते. बाजारात ‘जंगल सफारी ड्रेस’ म्हणून हँगरला लटकवलेले सगळेच तसे नसते. कापड हातात घेऊन उजेडाकडे धरा, त्यातून फुंकर मारून पाहा. फुंकर पलीकडे गेली नाही तर तुमचा घामही जाणार नाही.

दुसरी चूक याच्या उलट असते, आणि ती तरुण मंडळी करतात. उकडते म्हणून बिनबाह्यांचे बनियन आणि अर्धी चड्डी. आपल्या कातडीचे तापमान साधारण पस्तीस अंशांच्या आसपास असते. बाहेरची हवा चव्वेचाळीस-पंचेचाळीस असेल तर उघड्या कातडीला लागणारा वारा अंग थंड करण्याऐवजी तापवू लागतो. उघड्या जिप्सीत तो भट्टीच्या भात्यासारखा सतत लागतो, आणि वरून ऊन. अशा वेळी अंग झाकलेले बरे. मात्र झाकण सैल हवे. या बाबतीत एक प्रयोग प्रसिद्ध आहे. वाळवंटातले बदाऊन लोक एवढ्या उन्हात काळे झगे का घालतात, याचा शोध काही शास्त्रज्ञांनी घेतला आणि त्याचा निष्कर्ष १९८० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आला. काळा झगा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो हे खरेच. पण झगा सैल असल्याने आत खेळणारी हवा ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर नेते. अंगाला लागणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच भरली! म्हणजे रंगापेक्षा सैलपणा महत्त्वाचा.

पण त्यासाठी वाळवंटापर्यंत जायची गरज नाही. अंबडच्या किंवा परतूरच्या रस्त्याने दिवाळीच्या सुमारास जाताना कापसाच्या शेताकडे बघा. वेचणीला आलेल्या बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना, फुलबाह्यांचा, ढगळ शर्ट घालतात आणि डोक्याला रुमाल किंवा पदर घट्ट बांधतात. ऊन, कापसाच्या बोंडांची टोके, किडे, धूळ या सगळ्यांवर एकच उपाय, आणि तोही जुन्या कपड्यांतला. जंगलात घालायच्या कपड्यांचा याहून चांगला नमुना मी तरी पाहिलेला नाही. सुती, सैल, पूर्ण बाह्यांचा, धुऊन धुऊन मऊ झालेला शर्ट, खाली सैल सुती विजार किंवा सलवार. शर्ट नवा कडक घेऊच नका.

एक बारीक गोष्ट. अगदी विरळ, पांढऱ्या मलमलीतून उन्हातले अतिनील किरण बऱ्यापैकी आत येतात आणि ती ओली झाली की आणखीच येतात. त्यामुळे कापड सुती पण विणीला घट्ट असलेले घ्यावे. खादी चालेल, मांजरपाट तर उत्तम. मांजरपाट स्वस्त असतो आणि त्याचा मूळचा मळकट पिवळा रंग जंगलाला साजेसा असतो, हा दुहेरी लाभ.

रंग कोणता?

रंगाविषयी लोकांना फार कुतूहल असते. लाल रंग पाहून वाघ चवताळतो का, असे एका बाईंनी विचारले होते. तसे काही नाही. हरीण, चितळ, सांबर यांना लाल-केशरी रंग आपल्यासारखा वेगळा दिसतच नाही. त्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. म्हणूनच केशरी वाघ हिरव्या गवतात त्यांना दिसत नाही आणि वाघाचे पोट भरते. निळा रंग मात्र या प्राण्यांना चांगला दिसतो. शिवाय आपण पांढरे कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून जी पावडर वापरतो तिच्यातली चमक आणणारी द्रव्ये अतिनील प्रकाशात उजळतात, आणि हरणाच्या डोळ्याला त्या बाजूचा प्रकाश आपल्यापेक्षा जास्त दिसतो. सहलीचे कपडे साध्या साबणाने धुवावेत, ते यासाठी. झाडावरच्या वानराला तर आपल्यासारखेच सगळे रंग दिसतात. ते ओरडले की सारे जंगल सावध होते.

म्हणून मातकट, वाळल्या गवतासारखा, फिकट हिरवा, खाकी असे रंग निवडावेत. ‘खाकी’ हा शब्दच मुळी ‘खाक’ म्हणजे धूळ, राख यावरून आलेला. ताडोब्याच्या रस्त्यावर दोन तास फिरल्यावर तुमचे कपडे कोणत्याही रंगाचे असोत, ते खाकी होतातच. आधीपासून घातलेले बरे. मात्र लष्कराच्या ठिपक्या-पट्ट्यांचे कपडे घालू नयेत. सैनिकांच्या गणवेशासारखा वेश सामान्य नागरिकाने करणे योग्य नाही आणि आफ्रिकेतल्या झांबिया, झिंबाब्वे यांसारख्या देशांत तर तो गुन्हा आहे. आपल्या गावचा कोणी पोरगा नोकरीनिमित्त तिकडे असेल आणि घरच्यांना बोलावत असेल, तर त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तिकडे आणखी एक अडचण म्हणजे त्से-त्से माशी. गडद निळा आणि काळा रंग तिला ओढून घेतो. तिला पकडायचे सापळेच तिथे निळ्या-काळ्या कापडाचे करतात. ही माशी आपल्याकडे नाही. पण आपल्याकडच्या डासांना आणि गोमाशांनाही गडद रंग जवळचा वाटतो, म्हणून गडद निळ्या जीन्सचा हट्ट इथेही सोडावा. घट्ट जीन्समध्ये मांड्यांना घामोळे उठते ते वेगळेच.

मधमाश्यांचेही तसेच. काळा, केसाळ, खरबरीत पदार्थ दिसला की त्या अस्वल समजून चवताळतात. त्यात अत्तर, सुगंधी तेल, मोगऱ्याचा गजरा. गौताळ्याच्या बाजूला किंवा जुन्या किल्ल्यांवर जाणाऱ्यांनी आग्या मोहोळाची आठवण ठेवावी आणि सुगंध घरी ठेवून जावे. मोहोळ उठलेच तर उपरण्याने तोंड-डोके झाकून धावत सुटावे, हात झटकत उभे राहू नये.

पहाटेची थंडी

आता उन्हाळा सोडून थंडीकडे वळू, कारण दिवाळीच्या आणि नाताळाच्या सुट्टीत जाणारेही पुष्कळ. त्यांची फजिती उलट्या दिशेने होते. डिसेंबर-जानेवारीत ताडोब्याला पहाटे दहा अंशांच्या आसपास पारा असतो, मेळघाटच्या डोंगरात त्याहून कमी. उघड्या गाडीत वारा लागला की तेच दहा अंश सहा-सात वाटतात. आणि दहा वाजता ऊन तापले की स्वेटर नकोसा होतो. एकच जाडजूड जाकीट घातलेला माणूस सकाळी सात वाजता कुडकुडतो आणि दहाला घामाघूम होतो. यावर उपाय कांद्याचा! एकावर एक पातळ पापुद्रे. आत सुती गंजी, वर शर्ट, त्यावर लोकरीचा बिनबाह्यांचा स्वेटर, वर वारा अडवणारे काहीतरी. ऊन चढेल तसा एकेक पापुद्रा काढायचा.

लोकर का? तर ती ओलावा पुष्कळ मुरवते आणि तरी ऊब सोडत नाही. सुती कपडा थंडीत ओला झाला की अंगातली उष्णता ओढून घेतो, म्हणून दवात भिजलेली सुती विजार बदलावी. वारा अडवायला नायलॉनचे जे जाकीट मिळते ते हालचाल केली की सळसळते. शेजारच्या जिप्सीतला माणूस कॅमेरा लावून बसला असेल तर तो तुमच्याकडे कसा बघेल ते सांगायला नको. त्यापेक्षा आपली घोंगडी, चादर किंवा शाल बरी. दम्याच्या रुग्णांनी कानटोपी आणि नाकातोंडावर उपरणे दोन्ही घ्यावे; थंड हवा आणि धूळ या दोहोंनी श्वासनलिका आवळते. फवाऱ्याचे औषध खिशात ठेवावे, बॅगेच्या तळाशी नको.

उपरण्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवे. पंचा म्हणा, गमछा म्हणा, दीड-दोन हात सुती कापड. उन्हात डोक्याला बांधा, ओले करून मानेवर टाका, धुळीत नाकाला लावा, थंडीत कानाला गुंडाळा, जखम झाली तर पट्टी, हात मोडला तर झोळी. टोपी जरूर घ्यावी, पण तिला हनुवटीखाली बांधायची दोरी असावी. वाऱ्याने उडालेली टोपी आणायला जंगलात खाली उतरता येत नाही आणि तसा मोह कोणी करूही नये.

अंगाला सैल, टोकाला बंद

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. ऊन-थंडी दिसते तरी. हा शत्रू दिसत नाही.

दिवाळीनंतर एक तरुण माझ्याकडे तापाने फणफणलेला आला. अंगदुखी, डोके ठणकत होते. आधी दोन ठिकाणी मलेरिया आणि टायफॉइडच्या तपासण्या झाल्या होत्या, औषधेही झाली होती, ताप हटत नव्हता. चौकशीत कळले, दहा-बारा दिवसांपूर्वी मित्रांबरोबर डोंगरातल्या धबधब्यावर गेला होता, अर्धी चड्डी घालून गवतात तासभर आडवा पडला होता. मग त्याला पूर्ण तपासले. कंबरेला, चड्डीच्या इलॅस्टिकच्या खाली, विडीचा चटका बसल्यासारखी छोटी काळी खपली होती. दुखत नव्हती, म्हणून त्याने ती कोणाला दाखवलीच नव्हती. तो स्क्रब टायफस होता.

गवतात, झुडपात राहणाऱ्या एका सूक्ष्म किड्याची पिल्ले चावल्याने हा ताप येतो. पिल्लू इतके लहान, की टाचणीच्या टोकाएवढे. ते अंगावर चढते आणि जिथे कपडा घट्ट बसलेला असतो तिथे, म्हणजे कंबर, जांघ, काख, मोज्याची कडा, अशा जागी थांबून चावते. ताप चावल्यानंतर साधारण सहा दिवस ते तीन आठवडे या काळात येतो. तोवर सहल विसरलेली असते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि विदर्भात या तापाची मोठी साथ आली होती आणि त्यात माणसे दगावली. दुःखाची गोष्ट ही, की वेळेवर ओळखला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या जुन्या, स्वस्त औषधाने हा ताप दोन-तीन दिवसांत उतरू लागतो. त्या तरुणाचाही उतरला. पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या सुरुवातीपर्यंतचा काळ याचा. गोचिडांचेही असेच, कर्नाटकात १९५७ मध्ये सापडलेला क्यासनूर जंगलाचा ताप गोचिडांमुळेच येतो, आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडे तो पसरला होता. आपल्या भागात तो नाही, पण कोकणात फिरायला जाणाऱ्यांनी ठाऊक असावा.

कपडे अंगाला सैल असावेत, असे वर सांगितले. त्याला ही पुस्ती जोडा, की टोकाला ते बंद असावेत. बाह्या मनगटाशी बटण लावलेल्या, विजार घोट्याशी मोज्यात खोचलेली, शर्ट विजारीत खोचलेला. दिसायला हे जरा गबाळे दिसते. दिसू द्या. पायात चपला-सँडल नकोत, बूट हवेत, तळवा मऊ म्हणजे आवाज होत नाही. फिकट रंगाच्या विजारीवर गोचीड चढलेला लगेच दिसतो, हाही तिचा एक फायदा. डासांचे मलम उघड्या भागावर आणि मोज्याच्या कडेवर लावावे. ताडोब्याला जिप्सीत बसून राहणाऱ्याला हा धोका कमी. ज्ञानगंगा, गौताळा, मेळघाट इथे पायी भटकणाऱ्याला, गवतात डबा खाणाऱ्याला जास्त. ज्ञानगंगेचे नाव निघाले म्हणून सांगतो, यवतमाळच्या टिपेश्वरमधला एक पट्टेवाला वाघ २०१९ मध्ये शेकडो मैल चालत तिथे आला होता. गळ्यात पट्टा असल्याने त्याचा सारा रस्ता कळला. आपण मात्र शंभर किलोमीटर गाडीने जातो आणि दमतो.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखाते पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून प्राणी पाहण्याची संधी देते. तिथे जाणाऱ्यांनी पांढरे काही घालू नये, चांदण्यात ते लांबून दिसते. बांगड्या, पैंजण, किल्ल्यांचा जुडगा, खडखडणारी प्लॅस्टिकची पिशवी, सारे काढून ठेवावे. मे महिना असला तरी पहाटे मचाणावर गारठा लागतो, एक चादर असू द्या.

बायका-मुलांसाठी

जॉर्जेट, नायलॉनच्या साड्या उन्हाळ्यात जंगलात टेरीकॉटइतक्याच त्रासदायक. सुती साडी चालते, पण उंच जिप्सीत चढताना सहावारीत पाय अडकतो. माझ्या पाहण्यात असे आले आहे, की नऊवारी नेसणाऱ्या आजी झटकन चढतात आणि सुना खाली स्टूल शोधत राहतात! पंजाबी ड्रेस सोयीचा, फक्त ओढणी गळ्यात मोकळी सोडू नये, फांदीला अडकते. डोक्याला बांधून टाकावी. मंगळसूत्र आत घ्यावे. लघवीच्या भीतीने पाणी न पिण्याची सवय बायकांना पुरुषांपेक्षा जास्त असते. फेरीच्या आधी स्वच्छतागृहात जाऊन यावे, पण पाणी थांबवू नये. एक लीटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून बाटली भरून न्यावी, घोट घोट घ्यावी. चमचा चहाचा, आणि मीठ मोजूनच.

तान्ह्या बाळाला मेच्या दुपारच्या फेरीला नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहाटेच्या फेरीला नेलेच तर नायलॉनची कुंची, फ्रिलचा फ्रॉक घालू नये. सुती झबले, सुती टोपडे पुरे. लहान मुलाला उष्णतेचा त्रास होतो तेव्हा ते आधी चिडते, मग गप्प होते. गप्प झाले म्हणजे शांत बसले, असे समजू नये. कोणीही, लहान असो वा मोठा, उन्हात असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात. घाम येत असला तरी तो असू शकतो. त्या गाइडने केले तेच करावे. सावली, कपडे सैल, अंगभर पाणी, वारा, आणि तडक रुग्णालय. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नये. तापाच्या गोळ्या देऊन हा ताप उतरत नाही.

घरी परतल्यावर सहलीचे कपडे पलंगावर टाकू नका. बाहेरच काढा, गरम पाण्यात धुवा, कडक उन्हात वाळवा. आंघोळीच्या वेळी काख, जांघ, गुडघ्यामागची बाजू, मुलांच्या कानांमागे, सारे पाहून घ्या. गोचीड चिकटलेला दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढा. रॉकेल किंवा जळती काडी लावू नका. आणि पुढच्या तीन आठवड्यांत कोणाला ताप आला तर दवाखान्यात गेल्यावर पहिले वाक्य हे सांगा, “डॉक्टर, आम्ही जंगलात जाऊन आलो आहोत.”